टॅपेट सेट करूनही टकटक परत येते? ऑफ-रोड बाइकच्या इंजिनाचा आवाज असा शोधा

ऑफ-रोड बाइक चालवणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते. इंजिनातून टकटक येते म्हणून गॅरेजमध्ये टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक धरायचे स्क्रू) सेट करून घेतले, आठ-पंधरा दिवस गाडी शांत चालली, मग कर्जत किंवा मुरबाडकडे एखादा ट्रेल (कच्ची वाट) मारून आल्यावर पुन्हा तोच आवाज. परत गॅरेज, परत टॅपेट. अशा दोन-तीन खेपा झाल्या की मेकॅनिक सांगतो, "हाफ इंजिन करावं लागेल." म्हणजे हेड आणि सिलिंडर उघडून पिस्टन-बोअरचं काम. ते खरं आहे की नाही हे तपासायला मालकाच्या हातात काहीच नसतं.

निदान तपासायला तरी काहीतरी हातात असावं, म्हणून हे लिहितो आहे. यातलं बरंचसं एक लांब स्क्रूड्रायव्हर, साबणाचं पाणी, टॉर्च आणि फोन एवढ्यावर होतं.

आवाज परत परत येतो कारण बहुतेक वेळा नुसता आवाज बंद केला जातो, तो कशाने येतो हे कोणी बघत नाही. टॅपेट थोडे जास्त आवळले की हेडमधले (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागातले) बरेच आवाज दबतात, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण व्हॉल्व्ह पूर्ण बसायला थोडी मोकळीक लागतेच. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. बहुतेक इंजिनांत इनटेकला कमी आणि एग्झॉस्टला जास्त ठेवतात, आणि नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला गॅस बाहेर सोडणारा) सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, टेकलेला असतो तेवढ्या वेळात आपली बरीचशी उष्णता हेडला देतो. मोकळीक संपली की तो नीट टेकत नाही, तापत राहतो आणि शेवटी त्याची कड जळते. गरम गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते, कॉम्प्रेशन उतरतं, पिकअप जातो, आणि तोवर आवाज मात्र अजिबात नसतो. म्हणून थोडा वाजणारा टॅपेट मला चालतो. अगदी गप्प झालेल्या टॅपेटची मला भीती वाटते.

एअर-कूल्ड इंजिन मुळातच जास्त वाजतं हेही लक्षात ठेवा. एक्सपल्स २०० किंवा जुनी ४११ सीसीची हिमालयन यांच्या सिलिंडरभोवती पाण्याचं जॅकेट नसतं, त्यामुळे आतला आवाज अडत नाही आणि वर फिन्सही (थंडाव्यासाठीच्या धातूच्या पट्ट्याही) वाजतात. ४५० ची हिमालयन किंवा ३९० अ‍ॅडव्हेंचर या लिक्विड-कूल्ड, त्या मानाने दबक्या. त्यांना डबल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे) आहे आणि व्हॉल्व्हची मोकळीक शिम (ठराविक जाडीची चकती) बदलून धरावी लागते. तिथे कोणी दहा मिनिटांत "टॅपेट सेट करून देतो" म्हणाला तर गाडी परत घ्या.

आवाज कधी येतो ते आधी बघा

फोनवर "खडखड येते" एवढंच सांगितलं तर कोणालाच काही कळणार नाही. आवाज कोणत्या क्षणी सुरू होतो आणि कशाने थांबतो, यावरून अर्ध्याहून जास्त संशयित गळून पडतात.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट करा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये नको. स्लॅब आणि खांबांवरून आवाज उलटतो आणि साधी टिकटिकही भयंकर वाटते, शिवाय सायलेन्सरचा धूर कोंडतो. गाडी बाहेर काढा आणि एका बाजूला कंपाउंडची भिंत येईल अशी उभी करा. भिंतीवरून त्या बाजूचा आवाज परत येतो आणि डावी-उजवी बाजू वेगळी ऐकता येते.

बटण दाबल्यावर स्टार्टर फिरत असतानाच कर्कश किंवा ठोकल्यासारखा आवाज आला आणि इंजिन पेटल्यावर गेला, तर स्टार्टरचा वन-वे क्लच (स्टार्टरला इंजिनाशी एकाच दिशेने जोडणारा भाग) बघायचा. इंजिन पेटल्यावर सेकंदभर खर्रर्र झालं आणि थांबलं, तर टायमिंग चेन (कॅम फिरवणारी आतली साखळी) आणि तिला ताण देणारा टेन्शनर. पहिली काही मिनिटं टकटक आणि इंजिन तापलं की कमी, तर दोन गोष्टी: पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) सैल झाला आहे किंवा बेंड पाइपच्या (हेडमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपच्या) जोडातून गॅस सुटतो आहे. दोन्हीकडे धातू तापून फुगतो आणि फट भरते, म्हणून आवाज उतरतो. उलट, सकाळी शांत असलेली गाडी सायन-पनवेलच्या ट्रॅफिकमधून वाशीचा पूल ओलांडेपर्यंत वाजायला लागली, तर आधी ऑइल तपासा. पातळी, दर्जा आणि किती किलोमीटर झाले, याच क्रमाने.

मग क्लच. न्यूट्रलमध्ये आयडलला खळखळ येते आणि क्लच दाबला की जाते, तर ती क्लचच्या हाउसिंगची किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या बेअरिंगची. सिंगल सिलिंडर गाड्यांत ही थोडी असतेच, पूर्वीपेक्षा वाढली असेल तरच काळजी करा. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच रिलीज करणारं बेअरिंग किंवा पुशरॉड बघा.

गाडी चालतानाच आवाज येतो आणि उभी असताना कितीही रेस दिली तरी येत नाही, तर इंजिनाला लगेच दोष देऊ नका. मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना, क्लच दाबून किल स्विचने इंजिन बंद करा आणि तशीच थोडी जाऊ द्या. आवाज चालूच राहिला तर तो चेन, स्प्रॉकेट, चाकाची बेअरिंग किंवा ब्रेकचा आहे. ट्रेलवरून आलेल्या गाडीच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये माती आणि गवत इतकं घट्ट बसतं की चेन त्यातून कुरकुरत फिरते, आणि ती जागा इंजिनाला चिकटूनच असल्यामुळे सीटवर बसलेल्याला आवाज इंजिनाचाच वाटतो. मागचं चाक उचलून हाताने फिरवा. एकाच जागी अडकून टक वाजत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे.

सायलेन्सरच्या ठोक्याशी ताल जुळवा

सिंगल सिलिंडर इंजिनाची ही सोय मला फार आवडते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, आणि तेवढ्यात सायलेन्सरमधून एकच ठोका बाहेर पडतो. म्हणजे सायलेन्सरचा ठोका आपल्याला फुकटात मिळालेलं घड्याळ आहे.

१,४०० आरपीएमच्या आयडलला मिनिटाला ७०० ठोके पडतात, सेकंदाला जवळपास १२. एवढे मोजता येत नाहीत. म्हणून फोनवर रेकॉर्ड करा, एकदा इंजिनाजवळ आणि एकदा सायलेन्सर व इंजिन यांच्या मधोमध धरून. ते अर्ध्या किंवा पाव वेगाने ऐका. एका ठोक्याला एक टक असेल तर संशय टॅपेट, कॅम आणि बेंड पाइपच्या गळतीवर. एका ठोक्याला दोन टक असतील तर क्रँकबरोबर फिरणाऱ्या भागांवर: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, मॅग्नेट (क्रँकवरचं वीज बनवणारं चाक). ठोक्याशी काहीच मेळ बसत नसेल, आवाज मध्येच येत-जात असेल, तर बहुतेक बाहेरचं काहीतरी सैल आहे.

एक सावधगिरी. पिस्टनचा धक्का फायरिंगच्या स्ट्रोकला जोरात बसतो, त्यामुळे तोही कधी कधी एकेरी ऐकू येतो. म्हणून तालावरून फक्त दिशा घ्या, निकाल देऊ नका.

दिशा मिळाली की स्क्रूड्रायव्हर. लांब घ्या. टोक एखाद्या बोल्टच्या डोक्यावर टेकवा आणि मूठ कानासमोरच्या हाडाला लावा. हेड कव्हर, टायमिंग चेनच्या बाजूचा सिलिंडर, मॅग्नेट कव्हर, क्लच कव्हर, असं फिरत जा. सगळीकडे थोडा थोडा ऐकू येईलच, कारण धातू आवाज वाहून नेतो, पण एका जागी तो धारदार लागतो. ओढणी, मफलर, सैल बाही चेनपासून लांब ठेवा. बेंड पाइपला हात लावू नका.

आवाज इंजिनाचाच आहे का?

ट्रेलवर जाणाऱ्या गाडीत निम्मा वेळ इथेच संपायला हवा. बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) आणि इंजिन यांच्यामध्ये माती, खडी, काटक्या भरतात. पावसात ती ओली माती गप्प असते, वाळली की वाजते. चार बोल्ट काढून प्लेट उतरवा आणि गाडी तशीच स्टार्ट करून बघा. कितीतरी "इंजिनातले" आवाज एवढ्यावर गायब होतात. शिवाय बॅश प्लेट असताना खालचा आवाज तिच्यावर आपटून वर येतो आणि मोठा वाटतो, त्यामुळे प्लेटसकट केलेलं निदान फसतं.

मग हातमोजा घालून, कोणाला तरी हळूहळू रेस द्यायला सांगून, एकेक वस्तू दाबत जा: सायलेन्सरची हीट शील्ड, क्रॅश गार्ड, टाकीच्या बाजूचे पॅनल, नंबर प्लेट. दाबल्यावर भणभण थांबली की ती वस्तू सापडली. इंजिन माउंटिंगचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. एकाच ठराविक आरपीएमला अख्खी गाडी थरथरून वाजते आणि पुढे-मागे नाही, तर बहुतेकदा तेच सैल असतात.

भांडुपची एक गाडी

ओळखीच्या एका मुलाची एअर-कूल्ड बाइक. घेतली तेव्हाच जुनी होती, पण चांगली राखलेली. तक्रार वर लिहिली आहे तीच. मी त्याला विचारलं, "टॅपेट किती वेळा केले?"

"दादा, पाऊस सुरू झाल्यापासून चालूच आहे."

"आणि दर वेळी आवाज जातो?"

"जातो ना. पंधरा दिवस एकदम मस्त. मग ट्रेलला गेलो की परत."

हे उत्तर महत्त्वाचं होतं. लॉकनट नीट आवळलेला टॅपेट पंधरा दिवसांत इतका सैल होत नाही. आणि आवाज दर वेळी खरंच जात होता, म्हणजे गॅरेजमध्ये टॅपेटसोबत आणखी काहीतरी होत होतं, ज्याने आवाज थांबायचा पण जे टिकत नव्हतं. त्याला विचारलं की तिथे अजून काय काय करतात. तो म्हणाला, "काही नाही, सगळे नट-बोल्ट टाइट करून देतात."

थंड इंजिन स्टार्ट केलं. टकटक स्पष्ट, सायलेन्सरच्या एका ठोक्याला एक, आणि गाडी तापत गेली तशी उतरत गेलेली. स्क्रूड्रायव्हर हेड कव्हरवर लावला तर आवाज होता पण बोथट. हेडच्या पुढच्या बाजूला, बेंड पाइप जिथे शिरतो तिथे, कान नुसता जवळ नेला तरी टकटकीबरोबर बारीक फस्फस ऐकू येत होती.

इंजिन थंड होऊ दिलं, बॅश प्लेट काढली आणि खाली आडवं होऊन टॉर्च मारला. एग्झॉस्ट पोर्टच्या खालच्या बाजूला काजळीचा काळा पट्टा पसरलेला होता, बाहेरून कधीच न दिसणाऱ्या जागी. स्प्रे बाटलीतून साबणाचं पाणी जोडावर मारून गाडी स्टार्ट केली आणि डाव्या बाजूने पटापट फुगे आले. पाणी वाळायच्या आत, म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटातच हे बघून घ्यावं लागतं. डाव्या नटाला पाना लावला तर तो फिरत होता पण आवळत नव्हता. स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या हेडमधल्या दांड्याचे) आटे गेले होते.

म्हणजे गॅरेजवाला दर वेळी तो नट आवळायचा, उरलेल्या आट्यांवर तो जेमतेम धरायचा, आवाज बंद व्हायचा, आणि श्रेय टॅपेटला मिळायचं.

पण स्टडचे आटे जाण्याइतका तो पाइप हलत का होता, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर काढून ठेवलेल्या बॅश प्लेटवर होतं. कुठल्यातरी दगडावर आपटून प्लेट पुढच्या बाजूने वर वाकली होती आणि तिच्या आतल्या बाजूला एक चकचकीत घासलेली रेघ होती. तशीच रेघ बेंड पाइपच्या वळणावरही. प्रत्येक खड्ड्याला प्लेट पाइपला खालून ढकलत होती आणि तो सगळा जोर दोन छोट्या स्टडवर येत होता. ट्रेलनंतरच आवाज का परत यायचा, ते या दोन रेघांनी सांगितलं.

काम असं झालं. स्टड बदलला. बेंड पाइपची रिंग पॅकिंग नवी टाकली. ही रिंग दाबून एकदाच बसते, जुनी परत लावली की गळतेच, आणि नेमकं इथेच पैसे वाचवले जातात. दोन्ही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले, गाडी एकदा तापवून पूर्ण थंड केली आणि परत तपासले. बॅश प्लेट ठोकून सरळ केली आणि पाइपपासून बोटभर लांब राहील असं बघितलं. मग थंड इंजिनावर टॅपेट तपासले. एग्झॉस्टला फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाची) मॅन्युअलमध्ये दिलेली पट्टी तर सोडाच, त्याहून बारीक पट्टीही जात नव्हती. आवाज दाबायच्या नादात ते इतके आवळले गेले होते. ते मॅन्युअलप्रमाणे सोडले. आता त्या गाडीत हलकी टिकटिक आहे, आधी "मस्त" असतानाही नव्हती एवढी, आणि ती तशीच असायला हवी.

टायमिंग चेन

मधल्या आरपीएमला सिलिंडरच्या एका बाजूने खळखळ येते आणि अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडल्यावर वाढते, ती टायमिंग चेन. टेन्शनर चेनला मागून ढकलत राहतो. बऱ्याच गाड्यांत तो आपोआप पुढे सरकतो आणि मागे येत नाही. त्यात कचरा किंवा झीज झाली की तो अडकतो आणि चेन लुळी पडते.

इथे दोन गोष्टी हमखास चुकीच्या होतात. टेन्शनर बाहेर काढून, त्याचा दांडा मागे न घेता तसाच परत बसवला तर बोल्ट आवळताना चेनवर भलताच ताण येतो. आणि आवाज दाबायला टेन्शनरमध्ये काहीतरी भर घालून तो जास्त पुढे ढकलला तर चेन गाइड घासून जाते आणि त्याचे तुकडे ऑइलमध्ये उतरतात. टेन्शनर काढलेला असताना क्रँक फिरवायचा नाही, चेन दात सोडू शकते. चेन मुळातच ताणली असेल तर नवा टेन्शनर घालून थोडे दिवसच शांतता मिळेल. चेन, गाइड आणि टेन्शनर एकदमच बघा.

एअर फिल्टर: आवाजाच्या आधीचं कारण

पिस्टनचा थंड इंजिनातला बोदा ठोका, गरम झाल्यावर जाणारा, नव्या गाडीतही थोडा असू शकतो. पण फार किलोमीटर न झालेल्या ऑफ-रोड गाडीत तो वाढत असेल, ऑइल कमी होत असेल, रेस दिल्यावर निळसर धूर येत असेल, तर धूळ आत गेली आहे. धुळीतले सिलिकाचे कण पिस्टन-रिंगच्या धातूला घासून काढतात. असा बोअर एकदा केला आणि फिल्टरकडे बघितलंच नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात परत करावा लागतो. हाफ इंजिन करूनही आवाज परत आला अशी तक्रार येते तेव्हा मी सगळ्यात आधी एअर बॉक्स उघडायला सांगतो.

फिल्टर काढा आणि त्याच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लाल किंवा राखाडी बारीक धूळ आली तर फिल्टर गळतो आहे, वरून तो कितीही स्वच्छ दिसो. कारणं साधी असतात: कड नीट बसलेली नाही, रबर चिरलं आहे, एअर बॉक्सचा स्क्रू हरवला आहे. तेल लावलेला कागदी फिल्टर हवेच्या प्रेशरने साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. प्रेशरने त्याचा कागद फाटतो आणि तेल उडून जातं. फोमचा असेल तर धुवून, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावून बसवायचा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. एप्रिल-मेमध्ये ग्रुपमागे चालणाऱ्याच्या फिल्टरवर पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त धूळ बसते, म्हणून सगळ्यांना एकच किलोमीटरचा हिशेब लावू नका.

ऑइलबद्दल थोडक्यात. गाडी सरळ उभी धरून पातळी बघा, साइड स्टँडवर चुकीची दिसते. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेडच घाला. काही इंजिनांना १०डब्ल्यू-३० लागतं, काहींना १५डब्ल्यू-५०, आणि आवाज कमी व्हावा म्हणून उगाच जाड ऑइल घालण्यात अर्थ नाही. काचेतून ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे, लगेच बदला.

घाटात येणारा आवाज

एक्सप्रेस-वेवर दुचाकी चालत नाही, त्यामुळे पुण्याकडे जाताना आपण जुन्या रस्त्याने खोपोलीहून बोरघाट चढतो, आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारा ठोका) ओळखायला याहून चांगली जागा नाही. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडल्यावर धातूवर खडे पडल्यासारखी किणकिण येते. एक गिअर खाली घ्या. लगेच गेली तर इंजिन लोडखाली नॉक करत होतं. चढावर गिअर वेळेवर उतरवणं हा निम्मा उपाय. उरलेला निम्मा म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर साचलेला कार्बन, चुकीचा स्पार्क प्लग, इनटेकच्या रबरातून हवा ओढली जाणं, चिखलाने भरलेले फिन्स किंवा रेडिएटर.

पेट्रोलला दोष देण्याआधी एवढं ध्यानात घ्या की इथेनॉलमुळे ऑक्टेन (नॉकिंग टाळायची पेट्रोलची क्षमता) वाढतो, कमी होत नाही. पण ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी न बनलेल्या, विशेषतः कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापू शकतं. प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंगातून बघा. अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकाकणारे ठिपके दिसले तर नॉकिंग पिस्टनपर्यंत पोचलं आहे, तशी गाडी चालवू नका.

ज्या आवाजाला गाडी तिथेच बंद करायची

खोल, जड ठकठक, इंजिनाच्या खालच्या भागातून, लोड आल्यावर वाढणारी, तापल्यावरही न जाणारी. हा कनेक्टिंग रॉडचा बिग एंड (क्रँकवर बसणारं खालचं टोक) असू शकतो. सोबत घरघर असेल तर क्रँकची बेअरिंग. "हळूहळू घरापर्यंत नेतो" म्हणून कसाऱ्याहून ठाण्यापर्यंत आणलेली गाडी क्रँकबरोबर क्रँककेसही घेऊन जाते. टेम्पोचं भाडं त्यापुढे काहीच नाही.

खात्री करायला ऑइल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप असतोच, त्याला घाबरू नका. ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात तिरपं करा. डोळ्याला दिसतील असे चमकणारे तुकडे असतील तर त्यावर चुंबक फिरवा. चिकटले ते लोखंडी, म्हणजे बेअरिंग, गिअर, चेन. न चिकटणारे पांढरट ते अ‍ॅल्युमिनियमचे, पिस्टन किंवा केसचे. पिवळसर असतील तर एखादा बुश (नळीसारखं साधं बेअरिंग). इंजिन न उघडता आत काय झिजतंय याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही, म्हणून ते तुकडे पुसून टाकायच्या आधी फोटो काढा. स्पार्क प्लग काढून, मॅग्नेटच्या नटाला पाना लावून, पिस्टन वर असताना क्रँक किंचित मागेपुढे करून बघता येतो. पिस्टन हलण्याआधी हाताला खट करून रिकामी जागा लागली तर बिग एंड गेला.

पाण्यातून काढल्यावर सुरू झालेल्या ठोक्याचा विचार वेगळा करा. गाडी उंच आहे, एअर इनटेक सीटखाली आहे, म्हणून हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात ती सहज घातली जाते. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं की पुन्हा बटण दाबू नका. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, मग क्रँक फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, एअर बॉक्स आणि ऑइल बघा. हे न करता स्टार्ट केलेली आणि तेव्हापासून ठोकणारी गाडी टॅपेटने बरी होणार नाही.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"आवाज येतो, बघा जरा" असं सांगून गाडी सोडली की टॅपेटच सेट होऊन येणार. कागदावर लिहून द्या: थंड की गरम, कोणत्या गिअरला, क्लच दाबल्यावर काय होतं, रेस सोडल्यावर काय होतं, शेवटचं ऑइल कधी बदललं, शेवटचा ट्रेल कुठला आणि गाडी कुठे आपटली का. थंड स्टार्टचं रेकॉर्डिंग सोबत ठेवा, कारण गाडी तिथे पोचेपर्यंत तापलेली असते आणि मेकॅनिकला तो आवाज ऐकूच येत नाही. खरं तर गाडी रात्रभर तिथे ठेवून सकाळी त्याच्यासमोर स्टार्ट करणं सगळ्यात चांगलं.

टॅपेट तपासायचेच असतील तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि फिलर गेजने तपासायला सांगा, आणि सोडवण्याआधी किती मोकळीक होती ते लिहून घ्या. हा आकडा फार कामाचा आहे. पुढच्या वेळी तो घटलेला दिसला तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली उतरतो आहे. वाढलेला दिसला तर रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारा हात) किंवा कॅम झिजतो आहे. आणि तेवढाच राहिला, तरी आवाज परत आला असेल, तर टॅपेट सोडून बेंड पाइपच्या खाली टॉर्च मारा.

काढलेली प्रत्येक जुनी पॅकिंग, स्टड आणि टेन्शनर परत मागून घ्या, घरी नेऊन उजेडात बघा. काजळी कुठून सुटली आणि धातू कुठे घासला ते त्यांच्यावरच दिसतं.